पदव्युत्तर स्त्री : एक

प्रश्न क्रमांक सतरापाशी चांगुणा पावसे अडली.

तोवर तिने सगळी उत्तरं भराभर दिली होती. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, वीज आहे का. मासे विकून महिन्याला काय सुटतं, हेही तिने न लपवता सांगितलं. मोसमात तीन-सव्वातीन हजार, पावसाचे दोन महिने सुक्या मासळीवर भागवायचं. हा आकडा लोक सहसा निम्मा करून सांगत. मला सरकारी माणूस समजत आणि सरकारी माणसाला कोणी खरं सांगत नाही. चांगुणाने मात्र पडवीत बसून सुकट निवडत निवडत सांगितलं, आणि शिक्षण काय झालं म्हणून विचारलं तर शाळा लांबूनच पाहिली आहे म्हणाली. मी ‘निरक्षर’पुढे खूण केली.

सतरावा प्रश्न असा होता : ‘मुलांच्या शिक्षणावर पुढील पाच वर्षांत अंदाजे किती खर्च करण्याचा विचार आहे?’

ती थांबली. सुपातला हात सुपातच राहिला. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून तिची मुलगी दर्शना उभी होती, तिनेही मान वर केली.

एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा ऑगस्ट संपत आला होता. मी अर्थशास्त्रात एम.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. त्यातले वीस महिने घरी बसून काढल्यावर पुण्याच्या एका संस्थेच्या पाहणीवर माझी नेमणूक झाली. पाहणीचा विषय होता ‘शिक्षणाचे आर्थिक मूल्य’. शिकायला माणसाचे किती पैसे लागले आणि शिकल्यामुळे त्याला किती जास्त मिळाले, हे घरोघर जाऊन विचारायचं. दापोली तालुक्याची किनारपट्टी माझ्याकडे होती. एका फॉर्मला पंधरा रुपये आणि एस.टी.चं भाडं. जुलैत मी एकसष्ट फॉर्म भरले होते, म्हणजे नऊशे पंधरा रुपये. खेडला माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक, लोकांना सांगत की चारुशीला पुण्याच्या संशोधन संस्थेत आहे. त्यात खोटं काही नव्हतं. पगार किती, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हर्णै बंदराच्या कोळीवाड्यातलं चांगुणाचं घर त्या दिवशीचं माझं चौथं घर. अजून दोन झाली की परतायचं, असा माझा बेत होता.

“ह्याच्यावरच तर घरात महिनाभर भांडण चाललंय,” चांगुणा म्हणाली, आणि मग मला सगळं कळलं.

दर्शना बारावीला एकाहत्तर टक्क्यांनी पास झाली होती. कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात तिला औषधशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळत होता, पण पैसे भरून मिळणाऱ्या जागेवर. चार वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून आकडा लाखाच्या घरात जात होता. तेवढेच पैसे चांगुणाच्या चुलत दिराला हवे होते. तो नवी बोट बांधत होता आणि तिच्यात अर्धी भागी द्यायला तयार होता. बोट दिवाळीला पाण्यात जायची होती. नवऱ्याने उभा जन्म दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून काढला होता. स्वतःच्या बोटीवर पाय ठेवायचा, एवढीच त्याची इच्छा होती आणि ती काही वावगी नव्हती. पैसे होते ते चांगुणाने वीस वर्षं पाटी डोक्यावर घेऊन साठवलेले, म्हणून निर्णय तिचा. दिराला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. कॉलेजची मुदत सोमवारपर्यंत होती. मी गेले तो बुधवार.

“मला आकडा सांगा फक्त,” मी म्हटलं. “जो वाटेल तो. नंतर बदललात तरी चालेल.”

“तुला चालंल. मला नाय चालणार.” तिने सूप बाजूला सारलं. “तू किती शिकलीस गो?”

“एम.ए.”

“म्हणजे दर्शनाच्या डिग्रीपेक्षा वरती?”

“एक वर्ष जास्त धरा.”

“मग आधी तुझा कागद भर.”

मला आधी ती चेष्टा करते आहे असं वाटलं. पण ती पदराला हात पुसून समोर सरसावून बसली. तिचं म्हणणं सरळ होतं. मी चार महिने दारोदार जाऊन हाच हिशेब विचारत होते, तर तो मला स्वतःचा येत असणार. इथे आजूबाजूला शिकलेली बाई कोणी नव्हती. शाळेतल्या मास्तरीण बाई होत्या, पण त्या दहावीनंतर दोन वर्षांचा कोर्स करून लागलेल्या, आणि वर त्यांचा मामा जिल्हा परिषदेत. त्यांचा हिशेब धरण्यात अर्थ नव्हता. एवढी वर्षं शिकून बाईला काय मिळतं, हे जिला विचारावं अशी मीच पहिली तिच्या पडवीत येऊन बसले होते.

“नवा कागद काढ. आणि मोठ्यानं वाच. पोरीला ऐकू दे.”

मी कोरा फॉर्म काढला. आजवर तीनशेवर फॉर्म मी भरले होते आणि त्यातला एकही प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. फॉर्मवर नाव लिहायचं नसे, फक्त गाव आणि घराचा क्रमांक. क्रमांकाच्या जागी मी चांगुणाच्याच घराचा, दोनशे चौदा, टाकला. वय पंचवीस. शिक्षण एम.ए. ‘शिक्षणासाठी आजवर झालेला एकूण खर्च’ या रकान्यापाशी मी खरोखर हिशेब केला. पुण्यातली खोली, खानावळ, फी, पुस्तकं धरून एकतीस हजार. वडिलांनी फंडातून काढलेले. हा आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हा चांगुणाने मान हलवली. तिला तो पटला.

मग ‘सध्याचे मासिक उत्पन्न’.

दर्शना दारातून पुढे येऊन खाली बसली होती. अठरा वर्षांची पोर, हातात कॉलेजचं पत्र, घडी घालून घालून मऊ झालेलं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या पेनाकडे बघत होती.

“साडेचार हजार,” मी म्हटलं आणि लिहिलं.

मग दर्शनाने विचारलं, “तुम्हाला नोकरी लगेच मिळाली का?”

“परीक्षा संपली आणि लागले.”

“आणि पुढं वाढत जातो पगार?” हे चांगुणाने विचारलं.

“दर वर्षी.”

एकदा सुरुवात केल्यावर ते सोपं होतं. प्रवासभत्ता मिळतो, दिवाळीला बोनस मिळतो, पुढे कायम करणार आहेत, असं मी सांगत गेले. चांगुणा ऐकत होती. ती मधेच हातांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मोजून झाल्यावर तिने मला माझा फॉर्म नीट ठेवायला सांगितलं आणि सतराव्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

“लिही, एक लाख.”

मी लिहिलं. मला चहा मिळाला, आणि निघताना वर्तमानपत्रात बांधलेली सुकट. ती मी नको नको म्हणत घेतली.

दापोलीच्या एस.टी.त बसल्यावर मी फॉर्मांचा गठ्ठा पिशवीतून काढला. तो खोटा फॉर्म फाडून टाकायचा असं मी ठरवलं होतं. पण फॉर्मांवर संस्थेने आधीच क्रमांक छापलेले असत. क्रमांक गहाळ झाला तर लेखी कारण द्यावं लागे आणि पैसेही कापले जात. दुसऱ्या दिवशी दापोलीच्या कार्यालयात दिलेल्या आठवड्याच्या गठ्ठ्यात तो फॉर्म तसाच गेला. त्याचे मला पंधरा रुपये मिळाले.

दर्शना कोल्हापूरला गेल्याचं मला महिन्याभराने आंजर्ल्याच्या एका बाईकडून कळलं. पावशांनी बोटीची भागी सोडली, पोरीला शिकायला घातलं, असं ती सांगत होती. सांगताना तिने ज्या तऱ्हेने कपाळाला हात लावला, त्यावरून लोक काय म्हणत होते ते समजलं. त्यानंतर मी हर्णैला गेले नाही. उरलेली घरं मी पाहणीवरच्या दुसऱ्या मुलीला देऊन टाकली आणि तिच्याकडची डोंगरातली घेतली. तिला वाटलं मी उपकार करते आहे.

दीड वर्षाने पाहणीचा अहवाल छापून आला. पाठीमागच्या कोष्टकांत किनारपट्टीचं एक वेगळं कोष्टक होतं. शेवटच्या ओळीत होतं : ‘पदव्युत्तर स्त्री : एक. सरासरी मासिक उत्पन्न : रु. ४५००.’ आणि मजकुरात त्यावर एक अख्खा परिच्छेद. मच्छीमार वस्तीतल्या स्त्रीने उच्च शिक्षण घेतल्यास तिचं उत्पन्न त्याच घरातल्या निरक्षर स्त्रीच्या जवळजवळ दीडपट होतं, असा निष्कर्ष. ‘त्याच घरातल्या’ हे शब्द मी दोनदा वाचले. एकाच घर क्रमांकाचे दोन फॉर्म, एक निरक्षर आणि एक एम.ए., हे कुणाच्या नजरेतून सुटलंच कसं? फेरतपासणी करणारे आमचे इनामदार सर फार काटेकोर होते. दहातला एक फॉर्म घेऊन ते स्वतः त्या घरी जात.

पण ते सुटलं होतं, आणि पुढे त्याला पाय फुटले. तो परिच्छेद मराठी माध्यमाच्या एका पाठ्यपुस्तकात गेला. मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा तो अभ्यासक्रमात होता. मी एकेका वर्षी तीन-तीन कॉलेजांत शिकवत होते आणि तिन्हीकडचे मिळून महिन्याला दोन हजारही होत नव्हते. तरी दर वर्षी फळ्यावर साडेचार हजार हा आकडा लिहून मुलांकडून परताव्याचा दर काढून घेत असे. मुलं गणित बरोबर सोडवत. सदतिसाव्या वर्षी मी कायम झाले. त्यानंतर पगार वाढला, वेतन आयोगाने तर खूपच वाढला, आणि आता तो आकडा कुणाला सांगायला मला संकोच वाटत नाही. पण वर्गातली ती ओळ मी कधी खोडली नाही.

दोन हजार चौदामध्ये दापोलीच्या एका कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, ‘शिक्षण : एक गुंतवणूक’. त्या कोष्टकाचा तालुका आमचाच आहे, असं प्राचार्यांनी फोनवर अभिमानाने सांगितलं. व्याख्यान बरं झालं. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी गाडी दिली आणि कुठे फिरून यायचंय का म्हणून विचारलं. मी हर्णै म्हटलं. का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

बंदरावर लिलावाची वेळ झाली होती. बोटींवरची मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येत होती आणि पापलेटांच्या, कोळंबीच्या राशींभोवती माणसांची कडी झाली होती. चांगुणा मला शोधावी लागली नाही. एका राशीशी ती बोली लावत उभी होती. केस पूर्ण पांढरे, पण आवाज तोच. मी ओळख द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, “साडेचार हजारवाली ना गो तू?”

आम्ही पालथ्या घातलेल्या एका होडीच्या आडोशाला बसलो. मी आधी दर्शनाची चौकशी केली. दर्शना खेडजवळ लोट्याच्या एका औषध कंपनीत होती. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या औषधांची तपासणी तिच्याकडे, तिच्या सहीशिवाय एक गोळी फाटकाबाहेर जात नाही, असं चांगुणाने सांगितलं. नवरा तिथलाच, एक मुलगा. पगार मात्र बेताचा. पहिला पगार बावीसशे होता. आज घर चालेल एवढा आहे, कर्जाचा हप्ता जाऊन.

“आणि बोट?”

चांगुणाने हनुवटीने समोर दाखवलं. दोन मोठ्या यांत्रिक बोटी शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकीवर निळा रंग ताजा होता. दोन्ही चुलत दिराच्या. भागी दुसऱ्याच कुणीतरी घेतली होती. त्याचाही आता रस्त्याला लागून तीन मजली बंगला होता. चांगुणाने वर्षावर वर्ष मांडून सगळा हिशेब मला सांगितला. लाख रुपये बोटीत घातले असते तर कुठल्या सालापर्यंत किती झाले असते, डिझेल आणि जाळी वजा जाता. मी पाठ्यपुस्तकातून इतकी वर्षं शिकवलेलं गणित तिने मला तोंडी करून दाखवलं आणि ते अचूक होतं. बोट कितीतरी पटींनी फायद्याची ठरली असती. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला, दुसऱ्याच्या बोटीवर काम करत असतानाच. हे तिने हिशेबाच्या ओघातच सांगितलं.

मला तिच्याकडे बघवेना.

“मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले होते,” मी म्हटलं. “मला तेव्हा साडेचार हजार नव्हते मिळत.”

“पंधरा रुपये कागदाला,” ती म्हणाली. “आणि गाडीभाडं.”

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

तिने सांगितलं ते असं. मी जाऊन दोन दिवस झाले आणि शुक्रवारी दुपारी माझे साहेब तिच्या दारात आले. डोळ्यावर चश्मा, हातात दोन कागद. या घरात एम.ए. झालेली, साडेचार हजार मिळवणारी बाई कोण, म्हणून विचारायला लागले. चांगुणाला क्षणात सगळं लक्षात आलं. तिने सांगितलं, माझी भाची आहे, पुण्याला असते, त्या दिवशी आली होती. साहेबांनी लिहून घेतलं. मग तिने त्यांना चहा दिला आणि सहज विचारलं, तुमच्याकडच्या पोरींना काय देता? इनामदार सरांनी प्रामाणिकपणे आकडा सांगितला. वर म्हणाले, बाकीच्या संस्था दहाच देतात.

“शुक्रवारी?” मी विचारलं. “म्हणजे फी भरायच्या आधी?”

“तीन दिवस आधी.”

“मग तरी भरलीत?”

वाळूवर एक लिलाव संपून दुसरा सुरू होत होता. तिकडे नजर ठेवून ती बोलली.

“मी बाजारात बसणारी बाई. माल खराब असताना चांगला म्हणून सांगणारी माणसं मी रोज बघते. ती आपला माल खपवायला सांगतात. तुला काय खपवायचं होतं? माझी पोर कोल्हापूरला गेली काय, नाय गेली काय, तुला दमडी मिळायची नव्हती. रात्री मी विचार करत पडले. म्हटलं, बापाचे एकतीस हजार घालून ही पोर पंधरा रुपयांवर वणवण करते, आणि तरी दुसऱ्याच्या पोरीसमोर शिक्षणाला नाव ठेवत नाय. उलट पदरचं खोटं बोलते. मग त्यात काहीतरी असणार, जे तुझ्या कागदात विचारलेलं नाय. ते काय हाय ते मला कळायचं नाय, पण पोरीला मिळू दे. शनिवारी दिराला नाय म्हणून सांगितलं.”

वीस वर्षं जे मी लपवत होते, त्याचा तिने असा अर्थ लावला होता. तो तसाच राहू द्यायला काही हरकत नव्हती. दुपारीच मी दीडशे मुलांपुढे तासभर बोलले होते आणि त्यात या एवढ्या चांगल्या अर्थाचं एक वाक्यही नव्हतं. पण खरा अर्थ मला ठाऊक होता, आणि या बाईशी पुन्हा खोटं बोलणं मला जमेना.

“मावशी, तसं नव्हतं ते,” मी म्हटलं. “शिक्षणाचं मोठेपण वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. मला लाज वाटली. दर्शना समोर बसली होती, माझ्या पेनाकडे बघत. तिच्यासमोर पंधरा रुपये म्हणवेना मला. एवढंच होतं.”

चांगुणाने माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल असं वाटलं, मग हसेल असं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पदर कमरेला खोचला आणि रिकामी पाटी उचलली.

“असंल,” ती म्हणाली. “पण फी तर भरून झाली.”

आणि ती लिलावाकडे गेली.